वर्गांच्या व्यस्तांची बेरीज: आधी दशांश, मग सिद्धता

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

एक, एक-चतुर्थांश, एक-नवमांश, एक-षोडशांश अशी सर्व नैसर्गिक संख्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची जी न संपणारी बेरीज आहे, ती बरोबर पायचा वर्ग भागिले सहा इतकी भरते, हे शालेय त्रिकोणमितीच्या फारसे बाहेर न जाता सिद्ध करून दाखवण्याचे मी कबूल केले आहे. ते मी करणार आहे. मात्र त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी.

या बेरजेची कथा सांगणारे सगळे एकाच ठिकाणी टाळ्या घेतात. १७३५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्विस गणिती ऑयलरने साइनच्या श्रेणीला बहुपदी मानले, तिचे अवयव पाडले, सहगुणक ताडून पाहिले आणि पाच ओळींत उत्तर काढले. अलौकिक प्रतिभा, दुसरे काय! प्रतिभेबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे त्या पाच ओळींच्या आधीच्या आकडेमोडीबद्दल आहे. ती वगळली, की पाच ओळींवर ऑयलरने विश्वास का ठेवला, हेच कळेनासे होते.

प्रश्न पिएत्रो मेंगोलीने १६५० मध्ये मांडला. बेरीज सांत आहे हे याकोब बेर्नुलीला १६८९ मध्ये पक्के ठाऊक होते, आणि त्याची युक्ती साधी होती: १/४ हे १/(१×२) पेक्षा लहान, १/९ हे १/(२×३) पेक्षा लहान, आणि या मोठ्या अपूर्णांकांची बेरीज पदे एकमेकांत कापली जाऊन नेमकी १ होते, म्हणून आपली बेरीज २ च्या आत. नेमकी किती, हे मात्र त्याला साधले नाही. कोणी उत्तर कळवल्यास आपण फार ऋणी राहू, असे त्याने छापून जाहीर केले, आणि उत्तराविनाच तो १७०५ मध्ये वारला. त्याचा धाकटा भाऊ योहान, म्हणजे ऑयलरचा गुरू, पुढे उत्तर समजल्यावर भाऊ आज हयात हवा होता म्हणून हळहळला. हयातीत या दोघा भावांचे भांडण साऱ्या युरोपने वाचले होते, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता आकडेमोड. ही श्रेणी अभिसारी आहे, म्हणजे तिची बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते, पण विलक्षण आळशी. पहिली 'न' इतकी पदे घेतल्यावर जी शेपूट, म्हणजे बाकीच्या पदांची बेरीज, उरते, ती सुमारे १/न इतकी असते. दहा पदांची बेरीज १.५४९७६८ येते, हजार पदांची १.६४३९३५, म्हणजे हजार भागाकार करूनही तिसरे दशांश स्थळ चुकलेलेच. सात स्थळे हवी असतील, तर कोट्यवधी पदे मिळवावी लागतील. सभागृहात कोणी ती मिळवून आले असल्यास त्यांनी हात वर करावा. मी त्यांना व्यासपीठ देऊन खाली बसतो. शेपटीची लांबी ठाऊक असेल, तर मात्र तिचाच उपयोग करता येतो. दहा पदांनंतर १/१०.५ मिळवून पाहा: १.६४५००६. शंभर पदांनंतर १/१००.५ मिळवा: १.६४४९३४१५, आणि खरे मूल्य १.६४४९३४०७ आहे. असे काही हाताने करून पाहिल्याशिवाय या प्रश्नाबद्दल बोलू नये, असे माझे हट्टी मत आहे.

ऑयलरने याहून पुढचे केले. १७३१ मध्ये त्याने हीच बेरीज वेगळ्या रूपात मांडली: २ च्या नैसर्गिक लॉगरिदमचा वर्ग, अधिक १ + १/८ + १/३६ + १/१२८ अशी श्रेणी, जिच्यात नव्या पदाच्या छेदात स्थानाच्या वर्गाबरोबर २ चा वाढता घातही असतो. येथे वीस पदांत सात स्थळे पक्की होतात. पुढे, आज ऑयलर-मॅक्लॉरिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने त्याने तब्बल वीस स्थळे काढली. तेव्हा साइनची युक्ती सुचली, त्या वेळी पडताळा घ्यायला त्याच्या हाती ताळेबंद तयार होता.

युक्ती अशी. साइन क्ष भागिले क्ष या फलनाची मुळे, म्हणजे ते जेथे शून्य होते त्या क्षच्या किमती, म्हणजे पायच्या शून्येतर पटी, धन आणि ऋण. बहुपदीप्रमाणे त्याचे अवयव पाडले, तर क्ष-वर्गाचा सहगुणक वर्गांच्या व्यस्तांच्या बेरजेला पायच्या वर्गाने भागून ऋण चिन्ह दिल्यावर येतो. घातश्रेणीत तोच सहगुणक उणे एक-षष्ठांश असतो. झाले! पण हा अवयव पाडण्याचा अधिकार कोणी दिला? साइनला घातांकी फलनाने गुणले तरी मुळे तीच राहतात आणि श्रेणी बदलते. शिवाय साइनला काल्पनिक मुळे नाहीतच हे कशावरून? शंका बेर्नुली घराण्यातूनच आल्या, आणि त्या रास्त होत्या. ऑयलरकडे तेव्हा दोन उत्तरे होती. पायचा वर्ग भागिले सहा हे त्याच्या दशांशांशी जुळत होते. आणि साइन क्ष बरोबर १ या समीकरणाला हीच रीत लावली, तर १ − १/३ + १/५ − … ही लायब्निट्झची श्रेणी पायचा चतुर्थांश म्हणून बाहेर पडत होती. ही सिद्धता नव्हे. साक्ष मात्र भक्कम आहे. त्या अवयवांचे समर्थन त्याने पुढे स्वतःच दिले आणि १७४० च्या दशकात वेगळी सिद्धताही प्रसिद्ध केली.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा कबूल केलेली सिद्धता आता भरभर उरकतो. ती कोशीने १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात दिली आहे. लघुकोनासाठी, रेडियनमध्ये, साइन कोनापेक्षा लहान आणि टॅन कोनापेक्षा मोठा असतो. म्हणून कोनाच्या वर्गाचा व्यस्त हा कॉट-वर्ग आणि एक अधिक कॉट-वर्ग यांच्यामध्ये असतो. पायचे २म+१ समान भाग करून एक भाग, दोन भाग असे म भागांपर्यंतचे म कोन घ्या. द म्वाव्रच्या सूत्रावरून या कोनांचे कॉट-वर्ग म घाताच्या एका बहुपदीची मुळे ठरतात, आणि पहिल्या दोन सहगुणकांवरून त्यांची बेरीज म(२म−१)/३ येते. असमानता म कोनांसाठी लिहून मिळवा आणि पायचा वर्ग भागिले (२म+१) चा वर्ग याने गुणा. मधे आपल्या श्रेणीची पहिली म पदे राहतात. दोन्ही कडा म वाढत गेला की पायचा वर्ग भागिले सहा याकडेच जातात.

चौथ्या घातासाठी याच मुळांच्या वर्गांची बेरीज घ्यावी. पायचा चौथा घात भागिले नव्वद मिळेल. घनांसाठी विचाराल, तर कॉटचे घन या बहुपदीच्या सहगुणकांतून काढता येत नाहीत. वर्गांऐवजी कॉटच मुळे असलेली बहुपदी घेतली, तरी तिची मुळे धन-ऋण जोड्यांनी येतात आणि विषम घातांची बेरीज शून्य होते. व्यस्त घनांची बेरीज अपरिमेय आहे, इतके आपेरीने १९७८ मध्ये दाखवले. पायच्या भाषेत तिचे नेमके रूप अजून कोणालाही सापडलेले नाही.