कागद एकाच दिशेने वाकतो

मंडळी, हा साधा कोरा कागद. याची मी नळी करतो. झाली, काही अडलं नाही. आता हीच नळी न सोडता तिला दुसऱ्या दिशेने बाक देऊन बघतो... पडली सुरकुती. मागच्या रांगेत दिसलं नसेल, पण आवाज ऐकू आला असेल.

कागदाचं हेल्मेट करणाऱ्याची सगळी भानगड या सुरकुतीत आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो आणि डोकं मात्र दोन्हीकडून गोल. सपाट पृष्ठभाग न ताणता, न चुरगळता गोलावर बसवता येत नाही, हे गाऊस या गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे तुमचा कागद टाळूवर बसला नाही तर हाताला दोष देऊ नका.

मग करायचं काय? शिवणकाम येणाऱ्यांनी ओळखलंच असेल, टक्स घालायचे, म्हणजे जादा भाग दुमडून खाऊन टाकायचा. ही गोल चकती घेतली. कडेपासून मधल्या बिंदूपर्यंत एक चीर दिली. चिरेची एक बाजू दुसरीवर थोडी सरकवली की झाली टोपी. मधल्या बिंदूभोवती ३६० अंश होते, त्यातले थोडे खाल्ले म्हणून घुमट उठला. मानेजवळ हेल्मेट बाहेर फाकतं, तिथे नेमकं उलट. तिथे कागद कमी पडतो, म्हणून पाचर घालून अंश वाढवावे लागतात. पुढे कुठलाही तयार नमुना हातात आला की या दोन गोष्टी त्यात शोधा. कुठे कागद खाल्लाय, कुठे घातलाय, एवढं कळलं की तो नमुना वाचता येतो.

हे गणित हाताने कोणी करत बसत नाही. कॉम्प्युटरवरच्या त्रिमितीय आकृतीचे सपाट तुकडे पाडून देणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यातलं पेपाकुरा डिझायनर हे जपानी सॉफ्टवेअर इतकं रुळलंय की या कामालाच लोक पेपाकुरा म्हणतात. तो शब्द म्हणजे 'पेपर क्राफ्ट'चंच जपानी तोंडात आखूड झालेलं रूप. सॉफ्टवेअर प्रत्येक कडेला नंबर देतं आणि चिकटवायला कान, म्हणजे कडेला जादा पट्ट्या, काढून देतं. पंधराची कड पंधराला, सोळाची सोळाला. पहिल्या हेल्मेटसाठी मोठमोठ्या, कमी पैलूंचा नमुना घ्या. पैलू जास्त म्हणजे गोलाई सुबक हे खरं, पण नखाएवढे त्रिकोण चिकटवताना तुमचा उत्साह आठवडाभरही टिकायचा नाही.

आता मापाबद्दल. माझं पहिलं हेल्मेट फार देखणं झालं होतं. ते डोक्यात गेलं नाही. मी चित्र समोर ठेवून उंची ठरवली आणि डोक्याचा परीघ मोजला. खालच्या तोंडातून डोकं आत जायचंय, हे मात्र सुचलंच नाही. माझ्या नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या फुगवट्यापर्यंत २२ सेंटिमीटर भरतात आणि ते तोंड होतं १९ चं. शेवटी मागून उभं कापून बिजागरी लावली. तेव्हा आधी ते अंतर मोजा, वर स्पंजच्या अस्तराची जागा धरा आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये आकडा घाला. छापताना 'पानावर बसवा' हा पर्याय बंद करून बरोबर १०० टक्के ठेवा. पहिलं पान निघालं की एक रेघ पट्टीने मोजा. आणखी एक, माप १० टक्के वाढवलं तर कागद २१ टक्के जास्त लागतो, कारण क्षेत्रफळ दोन्हीकडून वाढतं.

कागद साधारण २०० जीएसएमचा घ्या, म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा. नेहमीचा ८० चा स्वतःच्या वजनाने लोळतो आणि ३०० चा घडीवर फाटतो, शिवाय बऱ्याच घरगुती प्रिंटरांच्या गळी उतरत नाही. घडीची रेघ शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून ओढा. कटर नको, एकदा हात जड पडला की तुकडा गेला. डोंगरघडी (कड वर येणारी) आणि दरीघडी (कड खाली जाणारी) यांच्या तुटक रेघा वेगवेगळ्या असतात, त्या आधी ओळखून घ्या. सगळ्या घड्या मोडून झाल्याशिवाय डिंकाला हात लावायचा नाही.

एक जोड करून दाखवतो. डिंक बाटलीतून थेट नाही, रद्दी कागदावर थेंब काढला. काडीने कानावर पसरला, इतका पातळ की कागदाचा रंग दिसला पाहिजे. आता कोपऱ्याला कोपरा लावला, कान आतून दाबला आणि वीस अंक मोजायचे... मोजा तुम्हीही. सोडला. डिंक बाहेर आला नाही, कोपरा सरकला नाही. हा अर्धा मिलिमीटर सरकला असता तर पुढच्या जोडात एक आणि हेल्मेटच्या कानाच्या जागेशी पोचेपर्यंत तीन झाले असते. म्हणून सुरुवात कपाळाच्या मध्यापासून करा, डावी-उजवी बाजू बरोबरीने वाढवा आणि साचलेली चूक खालच्या काठावर येऊ द्या. तिथे ती झाकता येते. शेवटचा जोड टाळूवर आला तर आत बोटं कशी घालणार?

कडक करण्यासाठी बरेच जण पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे लावल्यावर घट्ट होणारा प्लॅस्टिकचा द्रव, सुचवतात. त्याने काम पक्कं होतं, पण त्यातल्या स्टायरीन या रसायनाची घातक वाफ धुळीच्या मास्कने अडत नाही. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचं फिल्टर असलेला मास्क आणि उघडी हवा लागते. खोलीत बसून करणाऱ्याला मी ते सांगणार नाही. वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या आणि किंचित पाणी घातलेला पांढरा डिंक घ्या. थर फक्त आतून, एक उभा, एक आडवा, आणि मधे पूर्ण वाळवण. घाई केलीत तर ओला कागद बसतो आणि जबडा आत वळतो. म्हणून थर देण्यापूर्वी दोन्ही गालांमध्ये कागदाची घट्ट गुंडाळी आडवी अडकवून ठेवा.

काचेच्या जागी गडद पारदर्शक प्लॅस्टिक लावा, नाकासमोर हवेला भोकं ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत वाफ धरते. रंग देण्याआधी प्रायमर द्याच. पैलूंच्या कडा त्यानंतरच खऱ्या दिसतात, आणि खाचांत लांबी (पुटी) भरून घासायला तीच वेळ बरी.

हे बिजागरीवालं तुमच्यात फिरवतो. उजव्या कानापाशी चीर गेलीय, तिथे धरू नका. आत हात घालून पट्ट्यांच्या दिशा मात्र चाचपून बघा.