एका बॅटरीवर दोन ॲम्प्लिफायर

नाशिकमध्ये गाडीतल्या आवाजाची परीक्षा बहुधा ढोलावरच होते. मिरवणुकीत ज्याने नाशिक ढोलाचा ठोका छातीवर झेलला आहे, त्याला डिकीतल्या वूफरकडूनही तोच ठोका हवा असतो. सातपूरच्या या गॅरेजमध्ये आज अशाच अपेक्षेने एक गाडी आली असून दारांतल्या चार स्पीकरांसाठी चार चॅनेलचा एक आणि वूफरसाठी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, एक, असे दोन ॲम्प्लिफायर तिच्यात बसायचे आहेत. कारागिराने मात्र खोकी अजून उघडलेली नाहीत. त्याने आधी कागद-पेन घेतले आहे.

पहिला ॲम्प्लिफायर स्पीकरांना एकूण ३०० वॅट देतो आणि दुसरा वूफरला ५०० वॅट. पहिला एबी वर्गाचा (वर्ग म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आतल्या मंडलाची पद्धत) असल्यामुळे बॅटरीकडून घेतलेल्या शक्तीपैकी साठेक टक्केच स्पीकरपर्यंत पोहोचते आणि उरलेली उष्णतेत जाते. दुसरा डी वर्गाचा असल्याने तेथे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असते. इंजिन चालू असतानाचा दाब १३.८ व्होल्ट धरला, तर पहिल्याला सुमारे ३६ आणि दुसऱ्याला ४५, म्हणजे ऐन ठोक्याच्या क्षणी एकूण ८१ अँपिअर प्रवाह लागेल. तार आणि फ्यूज ठरतात ते या आकड्यावरून; खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या हजारो वॅटांचा येथे काही उपयोग नाही.

बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर अंतरासाठी ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची तार निवडली आहे. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे ग्राहकाला दर वेळी नव्याने सांगावे लागते. शुद्ध तांब्याच्या या तारेत ८१ अँपिअरला साधारण एक तृतीयांश व्होल्ट खर्च होतो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच आणि स्वस्तही असते; पण तिचा रोध जवळजवळ दीडपट असल्याने तोटाही तितकाच वाढतो.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत १०० अँपिअरचा फ्यूज बसतो. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी आहे, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक तो तारेसाठी असतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून जाताना तारेचे आवरण घासून निघाले आणि तार बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते व फ्यूज नसल्यास तार पेट घेते. म्हणूनच त्या पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडा झाकणारी कडी, घातल्याशिवाय येथे तार पुढे सरकवली जात नाही. डिकीत पोहोचल्यावर डिस्ट्रिब्युशन ब्लॉकमधून, म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करणाऱ्या जोडणीतून, ८ गेजच्या दोन शाखा निघतात. तार बारीक झाली की फ्यूजही लहान हवा, म्हणून एका शाखेला ४० आणि दुसरीला ५० अँपिअरचा फ्यूज आहे.

खरी कसोटी अर्थिंगची, म्हणजे ॲम्प्लिफायरची ऋण तार गाडीच्या पत्र्याला जोडण्याची असते. बॅटरीतून निघालेला सगळा प्रवाह गाडीच्या पत्र्यातूनच परत जायचा असतो आणि दोन ॲम्प्लिफायर दोन ठिकाणी अर्थ केले, तर त्या दोन जागांच्या विद्युतदाबात किंचित फरक पडतो. तेवढा फरक स्टिरिओतून ॲम्प्लिफायरकडे आवाजाचा संकेत नेणाऱ्या आरसीए केबलच्या धातूच्या जाळीतून वाट काढतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. कारागीर रंग खरवडून पत्रा उघडा करतो आणि दोन्ही अर्थ एकाच बोल्टवर, आखूड व मुख्य तारेइतक्याच जाड वायरने घट्ट करतो. सीट बेल्टचा बोल्ट हाताशी असला, तरी तो या कामासाठी वापरायचा नसतो.

स्टिरिओची निळी-पांढरी रिमोट वायर ॲम्प्लिफायर चालू-बंद करण्यापुरती असते आणि ती फार थोडा प्रवाह देऊ शकते. दोन ॲम्प्लिफायर ती बहुधा निभावते. तिसरा किंवा पंखा जोडायचा झाला, की मध्ये रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने चालणारा स्विच, घालावा लागतो. आरसीए केबल पॉवरच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेलेली आहे.

आता इंजिन चालू आहे, गाणे बंद आहे आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला जात आहे. शिट्टी येत नाही. त्यानंतर ढोल लागतो. मल्टिमीटरची टोके मोनो ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर टेकवलेली आहेत. प्रत्येक ठोक्याला व्होल्टचा आकडा थोडा खाली येतो, पुन्हा वर जातो आणि कारागिराची नजर त्यावरून हटत नाही.