मेक्सिकोतला पितरांचा सण आणि ताटातली साखर

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज जरा लांबच्या सणाबद्दल गप्पा मारूया, पार मेक्सिकोतल्या. दिया दे लोस मुएर्तोस नाव त्याचं. 1 आणि 2 नोव्हेंबरला असतो, पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा आणि दुसरा मोठ्यांचा, आणि तिथे मानतात की या दोन दिवसांत आपली गेलेली माणसं घरी येऊन जातात, म्हणून मग घरात ओफ्रेंदा मांडायची. म्हणजे काय तर टेबलावर पायऱ्या करून त्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, प्रवासाने दमून आलेल्यांसाठी पाण्याचा ग्लास, कोपालचा धूप आणि सगळीकडे झेंडूच झेंडू. हो, आपला दसऱ्याचाच झेंडू, तो मूळचा तिथलाच आहे. 2008 साली युनेस्कोने या सणाला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून टुरिस्ट लोकांची गर्दीही बरीच वाढलीये, असो.

मला बोलायचंय ते ताटाबद्दल. जो गेला त्याला जे आवडायचं ते ठेवायचं असा साधा नियम, त्यामुळे आजीसाठी चॉकलेट, काकासाठी मेस्काल नावाच्या दारूचा छोटा ग्लास आणि कुणाच्या तरी फोटोपुढे चक्क कोकची बाटली. पितर फक्त वास घेतात म्हणे, उरलेलं सगळं घरातली जिवंत मंडळी संपवतात आणि खरी गोची तिथेच आहे. डायबिटीस हे मेक्सिकोतल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक. सरकारने 2014 मध्ये गोड पेयांवर टॅक्स लावला, तेव्हा लिटरला एक पेसो, 2020 पासून पाकिटांवर 'साखर जास्त' वगैरे सांगणारे काळे अष्टकोनी शिक्के आणले, आणि 2025 मध्ये शाळांत जंक फूड विकायलाच बंदी केली. म्हणजे विचार करा, ओफ्रेंदावर ज्यांचे फोटो आहेत त्यातले कितीतरी जण याच आजाराने गेलेले, आणि त्यांच्याच आठवणीत नातवंडं साखर पेरलेला पान दे मुएर्तो, म्हणजे या सणाचा खास गोड पाव, कोकबरोबर खातायत!

पण म्हणून सणात डाएट घुसवायचं का? माझं स्पष्ट मत आहे, नको. शुगर-फ्री पावडर घालून केलेला तो पाव कुणालाच आवडणार नाही, पितरांनाही नाही. मुळात या ताटातला जुना भाग आणि नंतर आलेला भाग वेगळा करून बघा. गहू, लोणी, साखर हे सगळं स्पॅनिश लोकांबरोबर आलं, आणि साखर करायची विद्या तर आपल्या भारतातून अरबांमार्फत युरोपात पोचलेली, तेव्हा या सणात मांडतात त्या रंगीत साखरेच्या कवट्यांत थोडा दोष आपलाही म्हणायचा. त्याआधी तिथे काय होतं? मका, घेवडा, भोपळा, मिरची आणि राजगिरा.

राजगिऱ्याची गोष्ट तर ऐकाच. अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मागेय नावाच्या घायपातासारख्या झाडाचा गोड रस घालून देवांच्या मूर्ती करायचे, पूजा झाली की त्या मोडून सगळ्यांनी खायच्या. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या चर्चमधल्या प्रसादासारखं दिसलं आणि भयंकर खटकलं, हळूहळू ते पीकच मागे पडलं. पण मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी ते सोडलं नाही. तिथे आजही आलेग्रिया करतात, म्हणजे आपली राजगिऱ्याची चिक्कीच हो! तापलेल्या तव्यावर मूठभर दाणे टाकायचे, फडक्याच्या बोळ्याने फिरवत राहायचं, तडतड करून पांढरे फुलले की लगेच काढायचे नाहीतर करपलेच, मग मध किंवा गुळाच्या पाकात घालून थापायचे. आता याच्याच कवट्या बाजारात मिळतात, डोळ्यांच्या जागी शेंगदाणे नाहीतर मनुका. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात 13-14 ग्रॅम प्रोटीन असतं, मुलं आवडीने खातात, आणि परंपरा म्हणाल तर साखरेच्या कवटीपेक्षा हीच जुनी.

तामालेचंही तसंच, मक्याचं पीठ कणसाच्या सालीत नाहीतर दक्षिणेकडे केळीच्या पानात बांधून वाफवायचं. तो मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्याने कॅल्शियम मिळतं. फक्त पिठात डुकराची चरबी जरा हात राखून घाला, आत घेवडा आणि भाजी भरा, झालं.

खाण्यापलीकडे बघाल तर या सणात हालचाल भरपूर आहे. लोक बादल्या, झाडू, फावडी घेऊन स्मशानात जातात, थडगी घासून काढतात, पाणी वाहतात, फुलांचे भारे उचलतात. मिस्कीक नावाच्या गावी 2 तारखेच्या रात्री तर अख्खं गाव मेणबत्त्या लावून थडग्यांपाशी बसतं, गप्पा चालतात, हसणं चालतं, गेलेल्या माणसाच्या खोड्याही सांगतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो, पण बाबा कसे होते हे मुलांना कितीदा सांगतो? मला तर वाटतं दुःख मनात दाबून ठेवण्यापेक्षा हे बरं. ज्यांचं माणूस याच वर्षी गेलंय त्यांच्यावर मात्र हसायची जबरदस्ती नको, त्यांना नुसतं फोटोपाशी बसू द्या. आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर कोपालचा धूर अंगणात करा, खिडक्या बंद करून अजिबात नको.

एक पदार्थ सांगून थांबते, कालाबासा एन ताचा. लाल भोपळा सालासकट मोठ्या फोडी करून पातेल्यात घ्या, गूळ, दालचिनी, दोन लवंगा आणि पिकलेले पेरू घाला. पेरूमुळे गूळ निम्मा केला तरी चालतो. मंद आचेवर झाकून शिजवा, फोडी मऊ होऊन रस चकचकीत दिसायला लागला की गॅस बंद. साल मऊ झालेली असते, सालासकट खा. बिया टाकू नका हं, धुऊन सुकवा, थोडं मीठ घालून भाजा आणि कोकच्या बाटलीच्या जागी वाटीत ठेवा.