क्योतोच्या तांदळावरची बुरशी

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीची जेवणं आटोपली की माझे वडील पाकिटातून कोलेस्टेरॉलची गोळी काढतात, पाण्याबरोबर घेतात आणि दिवा मालवतात. तुमच्याही घरी कुणीतरी घेत असेल. ही गोळी आपल्यापर्यंत पोचायची राहिलीच होती, ती गोष्ट आज सांगते.

जपानचे डॉ. अकिरा एंडो शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणापासून बुरशी आणि अळंब्यांचं वेड. आपल्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, यकृताचा त्यात मोठा वाटा. ते बनवणारं एन्झाइम अडवेल असं काही एखादी बुरशी तयार करत असेल, असं त्यांना वाटलं. १९७१ साली तोक्योतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी शोध सुरू केला. सहा हजारांच्या आसपास बुरशी तपासल्या. हवं ते द्रव्य सापडलं क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. तांदळाला धरते ना, तशी निळसर हिरवी बुरशी!

मग ते द्रव्य उंदरांना दिलं. काहीच फरक नाही. बहुतेक औषधं इथेच संपतात, हेही संपत आलं होतं. पण एंडोंनी विचार केला, अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अंगातही ते भरपूर तयार होत असणार. एका सहकाऱ्याकडे प्रयोगाच्या कोंबड्या होत्या. त्यांच्या खाद्यात हे द्रव्य मिसळलं आणि काही आठवड्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल निम्म्याच्या जवळपास आलं. उंदरांच्या रक्तात घातक कोलेस्टेरॉल मुळातच कमी असतं, हे पुढे उमगलं.

१९७८ मध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी हे औषध अठरा वर्षांच्या एका मुलीला दिलं. तिचं कोलेस्टेरॉल आनुवंशिक दोषामुळे भयंकर वाढलेलं होतं. ते उतरलं, पण स्नायू अशक्त झाले, म्हणून औषध थांबवावं लागलं. पुढच्या रुग्णांना मात्रा कमी दिली.

तरी खरा प्रश्न उरलाच होता. कोलेस्टेरॉल उतरलं, पण माणूस वाचतो का? मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे विचारणं. त्याचं उत्तर १९९४ साली उत्तर युरोपातून आलं. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण. निम्म्यांना याच जातीची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. पाच वर्षांहून जास्त काळ हे चाललं. औषध नसलेल्या गटात २५६ माणसं गेली, गोळी घेणाऱ्यांत १८२.

चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. आपण नेमके कुणामुळे वाचलो, हे त्यांच्यातल्या एकालाही कधी कळलं नसेल.