खाडा कोण भरून देणार? रग्बी लीगच्या खेळाडूची कारकीर्द

नमस्कार श्रोतेहो.

लालबाग-परळच्या चाळीत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना 'खाडा' हा शब्द समजावून सांगायला नको. कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. रग्बी लीग हा खेळ या खाड्याच्या भांडणातून जन्माला आला. त्यात उतरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायची, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि लँकशरमध्ये रग्बी खेळणारे गडी होते कोळसा खाणीतले, गिरण्यांमधले, गोदीतले. शनिवारी दुपारपर्यंत काम असे. लांबच्या गावी सामना ठरला की ते बुडे आणि मजुरी कापली जाई. ही बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, असा ठराव १८९३ साली रग्बीच्या राष्ट्रीय संघटनेच्या लंडनमधल्या सभेत आला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. ज्यांना मजुरीची गरज नव्हती, त्यांनी ज्यांना होती त्यांचा ठराव पाडला. माझ्या मते यापेक्षा वेगळा अर्थ त्यातून निघत नाही. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. १८९८ पासून उघडपणे पैसे द्यायलाही परवानगी मिळाली, पण खेळाडूची दुसरी पक्की नोकरी हवी ही अट होती. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणं किंवा दारूच्या गुत्त्यात वाढप्याचं काम करणं, ही 'नोकरी' धरली जात नसे.

आता खेळाकडे वळू. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पंधरा जणांचं रग्बी युनियन पाहिलेले श्रोते असतील. लीग वेगळं. १९०६ पासून एका संघात तेरा खेळाडू. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. त्याचे चार गुण. त्यानंतरच्या यशस्वी किकचे दोन. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा पकडींची मुदत असते. सहाव्यांदा पकडलं गेलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा, म्हणून बहुतेक वेळा पाचव्या पकडीनंतर किक मारतात.

आपल्याकडच्या माणसाला हा खेळ कबड्डीवरून लवकर उमगतो. चढाईत रेडरला घेरून पकडतात तसंच इथे चेंडूवाल्याला दोघे-तिघे मिळून जमिनीवर आणतात. फरक पुढे आहे. कबड्डीत पकड झाली की गडी बाद. इथे पकडलेल्याने उठायचं, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे तोंड करायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. याला प्ले-द-बॉल म्हणतात. मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो आणि पुढची चाल सुरू होते. दरम्यान बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे जावं लागतं. चेंडूसमोर त्यांचे फक्त दोघे थांबू शकतात, त्यांना मार्कर म्हणतात.

पडल्यापासून चेंडू सरकवेपर्यंत चांगल्या दर्जाच्या सामन्यात साधारण साडेतीन सेकंद लागतात. व्यावसायिक खेळाडूचा सगळा धंदा या साडेतीन सेकंदांत असतो. तीन सेकंदांत उठलात, तर बचाववाले अजून मागे पळतच असतात. त्यांची पावलं वळलेली नसतात आणि डमी हाफला समोर मोकळी जागा मिळते. पाच सेकंद लागले, तर समोर भिंत उभी राहते. म्हणून पकडणारे एक करतात: चेंडूवाल्याला पाठीवर पाडायचं. पोटावर पडलेला माणूस हातांनी रेटून लगेच उठतो. पाठीवर पडलेल्याला आधी कुशीवर वळावं लागतं, त्यात सेकंदभर जातो. हे शिकवायला क्लब कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षक नेमतात. चेंडूवालाही त्याचा उतारा शिकतो. पडता पडता अंग वळवायचं, कोपर आणि गुडघे जमिनीला लावून पोटावर यायचं, आणि पकडणाऱ्याचा हात सुटायच्या आत ढुंगण वर उचलायचं. रेफरी 'हेल्ड', म्हणजे पकड पुरी झाली, असं म्हणाला की पकडणाऱ्याने सोडलंच पाहिजे. उगाच वर पडून राहिला तर पेनल्टी. किंवा २०२० पासून, सहा पकडींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता पकडणाऱ्याचं पाहू. पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायांजवळ न्यायचा. लांबून झेप घेतली की नुसते हात लागतात आणि माणूस निसटतो. कंबर खाली, पाठ सरळ, नजर त्याच्या चड्डीच्या नाडीवर, कारण खांदे आणि डोकं हुलकावणी देतात, कंबर देत नाही. खांदा लावायचा, दोन्ही हातांनी वेढा घालायचा, मग पायांनी रेटायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोकं कुठे आहे. पकडणाऱ्याचं डोकं चेंडूवाल्याच्या बाजूला किंवा मागे हवं. ते त्याच्या समोर, म्हणजे धावण्याच्या वाटेवर गेलं, तर त्याचा गुडघा किंवा कमरेचं हाड थेट कानशिलावर बसतं. मेंदूला मार बसण्याचे प्रसंग चेंडूवाल्यापेक्षा पकडणाऱ्यावर जास्त येतात, त्याचं मोठं कारण हेच. शेवटच्या दहा मिनिटांत पाय दमले की माणूस वाकायचा कंटाळा करतो आणि उभ्यानेच पकडायला जातो. डोक्याला डोकं लागतं ते तेव्हा.

मुलगा या धंद्यात कसा येतो? इंग्लंडमध्ये गावच्या क्लबपासून. तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक क्लबांचे टेहळे त्याला पाहून ठेवतात. मग क्लबची स्कॉलरशिप, पुढे अठरा वर्षांखालची अकादमी, राखीव संघ आणि मग पहिला संघ. गळती प्रत्येक पायरीवर, सगळ्यात जास्त अकादमीनंतर. आणि ती नेहमी गुणवत्तेमुळेच होते असं नाही. चौदाव्या वर्षी ज्याची उंची आधी वाढली, तो वजनाच्या जोरावर सगळ्यांना उडवत जातो. अठराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात, तेव्हा त्याच्याजवळ चेंडू पास करायचं कसबही नसतं आणि पावलांची चपळाईही नसते.

मैदानावरची जागा म्हणजे पाठीवरचा आकडा. १ फुलबॅक. २ आणि ५ विंगर. ३ आणि ४ सेंटर. ६ आणि ७ ही हाफची जोडी, संघाचं डोकं. ८ आणि १० प्रॉप, ९ हुकर (बहुतेक वेळा डमी हाफ हाच), ११ आणि १२ सेकंड रो, १३ लूज फॉरवर्ड. प्रॉपचं वजन १०५ ते ११५ किलो. तो वीस-पंचवीस मिनिटं भिंतीवर धडका देतो, बाहेर बसून दम खातो आणि पुन्हा उतरतो. बदल्या मोजक्याच म्हणजे आठ असल्याने प्रशिक्षकाला त्या काटकसरीने वापराव्या लागतात. दोन खेळाडू लवकर जखमी झाले की प्रॉपला चाळीस मिनिटं सलग रेटावं लागतं आणि पकडी सुटू लागतात. हुकर एका सामन्यात चाळीस-पन्नास पकडी करतो आणि शिवाय जवळजवळ प्रत्येक प्ले-द-बॉलमागे धावतो.

आठवडा कसा जातो? शुक्रवारी रात्री सामना. शनिवारी सकाळी वैद्यकीय तपासणी, पोहणं, हलकी सायकल. प्रत्येकाचं वजन सामन्याआधी आणि नंतर घेतलेलं असतं. दोन किलो घटलं असेल, तर तीन लिटरच्या आसपास पाणी आणि मीठ-साखर हळूहळू भरून काढायचं. रविवार सुट्टी. सोमवारी व्हिडिओ: प्रत्येक चुकलेली पकड थांबवून, मागे नेऊन दाखवतात. मंगळवारी मैदानावरचा जड सराव, धडकांसह. बुधवारी आराम, गुरुवारी हलकी रंगीत तालीम. वजनं उचलणं यातच बसवलेलं. पाचच दिवसांनी पुढचा सामना आला, तर मंगळवारच्या धडका रद्द होतात. त्या न करणारा प्रशिक्षक मऊ नसतो, शहाणा असतो. हंगाम इंग्लंडमध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर, ऑस्ट्रेलियात मार्च ते ऑक्टोबरची सुरुवात. नोव्हेंबर ते जानेवारी हा सरावाचा काळ, आणि खेळाडूंच्या अंगावर खरा काटा येतो तो या तीन महिन्यांच्या नावाने.

दुखापतींत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की नऊ महिने गेले. खांदा एकदा निखळला की शस्त्रक्रियेशिवाय पुन्हा निखळण्याची धास्ती राहते. पण डोक्याच्या बाबतीत आता नियम कडक झाले आहेत, आणि ते उशिरा झाले याची खंत वाटते. खेळाडू बेशुद्ध पडला, झटके आले, अंग ताठरलं किंवा तोल गेला, तर त्या दिवशी पुन्हा मैदान नाही. नुसता संशय असेल, तर बाहेर नेऊन पंधरा मिनिटांची तपासणी. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल स्पर्धेत २०२३ पासून मेंदूला मार बसल्याचं निदान झालं की साधारणपणे किमान अकरा दिवस खेळबंदी आहे. सुपर लीग या इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेत २०२४ पासून धक्क्यांचा जोर मोजणारी दातांवरची कवचं आली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा मेंदूचा विकार, सापडल्याचं शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर 'डोकं जरा गरगरतंय, उठतो' असं म्हणणाऱ्या खेळाडूला शूर म्हणणं कुणाच्याही तोंडी शोभत नाही.

पैशांचं थोडक्यात. दोन्ही मोठ्या स्पर्धांत क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये ती सुमारे २१ लाख पाउंड, वरच्या दोन-तीन ताऱ्यांना सवलत. ऑस्ट्रेलियात मुख्य तीस खेळाडूंसाठी एक कोटी दहा लाख डॉलरांहून अधिक. म्हणून इंग्लंडचा उत्तम खेळाडू सिडनी-ब्रिस्बेनची वाट धरतो. करार एक ते तीन वर्षांचे, आणि कराराच्या शेवटच्या वर्षात मोडलेला गुडघा बऱ्याच कारकिर्दी संपवतो.

एक कारकीर्द जवळून पाहू. रॉब बरो. जन्म २६ सप्टेंबर १९८२, पॉन्टीफ्रॅक्ट. उंची पाच फूट पाच इंच, आणि समोर शंभर-सव्वाशे किलोचे गडी. लीड्स ऱ्हायनोज या एकाच क्लबसाठी तो २००१ ते २०१७ खेळला: ४९२ सामने, आठ ग्रँड फायनल (सुपर लीगचा अंतिम सामना) विजय. सुरुवातीला हाफबॅक, म्हणजे ६-७ च्या जोडीतला. पुढे बदली हुकर म्हणून त्याला उशिरा उतरवू लागले, आणि इथे क्लबची अक्कल दिसते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं प्रॉप दमेपर्यंत थांबायचं. मग हा लहानखुरा माणूस प्ले-द-बॉलमागे उभा करायचा, कारण दमलेल्या प्रॉपला बाजूला पळणाऱ्याला गाठता येत नाही. २०११ च्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सविरुद्ध तो असाच बाकावरून आला, पकडणाऱ्याच्या हाताखालून वाकून निसटला आणि एकट्याने धावत ट्राय केला. लीड्स ३२-१६ ने जिंकले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. मोठ्या माणसांना त्याने उंचीने कधीच हरवलं नाही. त्यांची पावलं वळायच्या आत तो निघून गेलेला असे.

निवृत्तीनंतर तो क्लबच्या तरुण खेळाडूंना शिकवत होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचं, निदान झालं. पुढच्याच महिन्यात लीड्सच्या हेडिंग्ली या खच्चून भरलेल्या मैदानावर तो शेवटची काही मिनिटं खेळला. त्याचा कर्णधार केव्हिन सिनफील्ड याने त्याच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावल्या. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेलं आणि शेवटच्या रेषेवर दोन्ही हातांत उचलून पलीकडे नेलं. २ जून २०२४ रोजी रॉब गेला. वय ४१.

खेळाडूची कारकीर्द तिशीच्या सुरुवातीला आटोपते. इंग्लंडमध्ये एकाच क्लबला दहा वर्षं दिली, तर टेस्टिमोनियल वर्ष मिळतं: एक सामना, जेवणावळी, लिलाव, आणि जमा झालेला पैसा त्या खेळाडूला. पण दहा वर्षं एकाच ठिकाणी टिकणारे थोडे. ज्याने खेळत असताना सुतारकाम, वीजजोडणी किंवा शिक्षकाची पदवी हाताशी ठेवली, त्याचा निवृत्तीचा पहिला सोमवार बरा जातो. ज्याने ठेवली नाही, त्याच्याजवळ त्या दिवशी सकाळी कुठे जायचं याचंच उत्तर नसतं.

आणि सुपर लीगच्या खालच्या विभागांत तर आजही बहुतेक खेळाडू अर्धवेळच आहेत. महिलांच्या संघांतही अजून बहुतेकींची दुसरी नोकरी असतेच. दिवसभर बांधकामावर किंवा शाळेत काम, आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव, रविवारी दुपारी सामना. सोमवारी सकाळी सातला खांदा वर उचलत नसला, तरी शिडीवर चढायचं असतं.