वातो : नाव फ्रेंच, उच्चार मराठीला सोपा

आंत्वान वातो (Watteau) या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेल्या दुकानाच्या पाटीवरची ही पाठमोरी बाई पाहा. मानेपासून टाचेपर्यंत उतरलेल्या तिच्या गुलाबी रेशमी झग्याच्या चुण्या पाहा. अशा चुण्यांना फॅशनच्या जगात या चित्रकाराचंच नाव मिळालं. आपण मात्र ते नाव इंग्रजीच्या वळणाने ‘वॉटो’ असं घेतो.

फ्रेंच माणूस म्हणतो ‘वातो’. सुरुवातीचा डब्ल्यू इथे व्हीसारखा, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. मग सरळ ‘आ’. टी म्हणजे ‘तारे’मधला दंत्य ‘त’, आणि शेवटच्या ई-ए-यू या तीन अक्षरांचा मिळून एकच ‘ओ’. हा ‘त’ इंग्रजीत नाही, मराठीत आहे! मग इंग्रजीला मध्यस्थ कशाला घ्यायचं?

अस्सल फ्रेंच शब्दांत डब्ल्यू जवळजवळ सापडत नाही. तो या आडनावात आला सीमेवरच्या मुलखातून. आंत्वान वातो 1684 मध्ये वालांसिएनला जन्मला. वडील घरांची छपरं घालायचे. हे गाव जेमतेम सहा वर्षांपूर्वी, 1678 च्या तहाने, स्पॅनिश नेदरलँड्सकडून (साधारण आजचं बेल्जियम, तेव्हा स्पेनच्या ताब्यातलं) फ्रान्सकडे आलं होतं. पॅरिसमधले समकालीन त्याला ‘फ्लेमिश’, म्हणजे त्या मुलखातला, चित्रकार म्हणत. रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी कलाशैली, म्हटलं की ज्याचं नाव आधी ओठांवर येतं, तो त्यांच्या लेखी परगावचाच होता.

1717 मध्ये फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीने त्याचं सिथेरा या प्रेमदेवतेच्या बेटाच्या यात्रेचं चित्र स्वीकारलं. बागेत रमलेल्या प्रेमिकांच्या अशा चित्रांना ‘फेत गालांत’ म्हणतात.

पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे ही दुकानाची पाटी. 1720 साल. क्षयाने पोखरलेला वातो लंडनहून परतला आणि चित्रविक्रेता मित्र जेर्सें याच्यासाठी ती रंगवायला बसला. जेर्सेंने लिहून ठेवलंय : आठ दिवसांत झाली, तीही फक्त सकाळी काम करून. रुंदी तीन मीटरच्या वर! डावीकडे चौदाव्या लुईचं चित्र पेटीत भरताहेत. राजाला जाऊन पाच वर्षं झालीत. दुकानात शिरता शिरता ती पाठमोरी बाई त्या चित्राकडे वळून बघतेय. समोरचा तरुण हात पुढे करतोय. उजव्या कोपऱ्यात, फरसबंदीवर, कुत्रा निवांत पिसवा टिपतोय. एवढ्या रेशमाशेजारी पिसवा टिपणारा कुत्रा ठेवायला धीर लागतो.

18 जुलै 1721 ला वातो गेला, छत्तिसाव्या वर्षी. पाटी पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने विकत घेतली. ती आज बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यात आहे. मधे कधीतरी तिचे दोन तुकडे केले गेले होते. तो उभा जोड अजून दिसतो.