चिमणीखालचा धोटा

(चिमणीच्या टोकावरून कॅमेरा खाली)

लोअर परळ. काचेच्या इमारतींमध्ये उभी आहे ती गिरणीची चिमणी. लोक तिच्यापुढे सेल्फी काढतात. ती कशासाठी होती, हे सांगणारी पाटी आम्हाला काही सापडली नाही.

मग आपणच सांगू. चिमणीखाली बॉयलर. बॉयलरच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर पट्टे आणि पट्ट्यांवर शेकडो साचे, म्हणजे कापड विणणारे माग. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला गिरणी काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी हे सगळं गिरणगाव झालं.

(छप्पर, आतून)

हे करवतीच्या दात्यांसारखं छप्पर बघा. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत नाही, पण उजेड दिवसभर सारखा. तुटलेला धागा दिसायला नको?

(हातात धोटा, जवळून)

हा धोटा, साच्यावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा. टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि या बारीक भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यायचा. काका करून दाखवतायत. हयात साचेखात्यात गेली त्यांची.

या तोंड लावण्याचाच बहाणा झाला. विटाळ होतो म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, आणि पगार तर तिथेच बरा. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा मुद्दा लावून धरला. गिरणगावची ओळख जपायची तर ही गोष्टही जपावी लागेल. नुसत्या चिमणीकडे बघून ती कळत नाही.

(बंद फाटक)

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीनंतर वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे उरले. कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या, वारस अजून रांगेत आहेत.

(तळं, काळाचौकी)

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात पालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. तळं आहे, जुन्या भिंती आहेत. तिथे एक तरी साचा चालता ठेवा, आवाजासकट. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, सगळं खुणांवर चाले.

(काका धोटा फडक्यात गुंडाळतात)